ठमीचे दुखणे

घरातील म्हाताऱ्या माणसाची तहान वाढली तर आपण लगेच वैद्याची आठवण करतो. तीच गोष्ट घरातील म्हाताऱ्या कुत्रीची असेल तर मात्र, “उन्हाळा आहे, चालायचेच!” असे म्हणून मोकळे होतो. ही चूक माझ्या हातून घडली आणि तिची किंमत आमच्या ठमीला भोगावी लागली. ती अन्य कोणा कुटुंबाच्या वाट्याला येऊ नये, एवढ्याचसाठी हे लिहिते आहे.

बारा वर्षांपूर्वी एका पावसाळी संध्याकाळी दिल्लीतील आमच्या बिऱ्हाडाच्या जिन्याखाली हे ओलेचिंब पिल्लू सापडले. त्याला ठमी हे नाव सासूबाईंनी दिले. २०२४ सालच्या जून महिन्यात ठमीचे पाणी पिणे एकाएकी वाढले. रात्री दोन-दोनदा ती बाहेर जाण्यासाठी दार खरवडू लागली. सासूबाई म्हणाल्या, “अगं, हिची तहान काही बरोबर दिसत नाही मला.” मी म्हटले, “आई, बाहेर केवढे ऊन आहे! तिलाच काय, आपल्यालाही तहान लागते.” पुढे तिने अन्न टाकले, तेही मी वयावरच ढकलले.

आठव्या दिवशी रात्री अकराच्या सुमारास तिला दोन वांत्या झाल्या. उठू पाहताना मागचे पाय लटपटले आणि ती जमिनीवर बसली ती उठेना. पोट टम्म फुगले होते. एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या फिकट पडल्या होत्या. शेजारच्या सरदारजींनी एका शब्दात गाडी काढली. आम्ही तिला चादरीच्या झोळीत उचलले आणि रात्रभर उघड्या असणाऱ्या एका पशुरुग्णालयाची वाट धरली.

एकच प्रश्न

तेथील डॉक्टरबाईंनी तपासता तपासता विचारले, “ही माजावर केव्हा आली होती?” एप्रिलच्या अखेरीस, असे मी सांगताच त्यांनी मान हलविली. सोनोग्राफीत त्यांचा तर्क खरा ठरला. ठमीच्या गर्भाशयात पू झाला होता. या रोगास पायोमेट्रा म्हणतात.

माज ओसरल्यावर कुत्रीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन हा अंतःस्राव सुमारे दोन महिने टिकून राहतो. वर्षानुवर्षे असे होत गेल्याने गर्भाशयाचे अस्तर जाड होते आणि त्यात जंतूंना आयताच आसरा मिळतो. त्यांचे विष रक्तात भिनले की मूत्रपिंडांवर ताण पडतो. अनावर तहान लागते ती त्यामुळे. गर्भाशयाचे मुख उघडे असेल तर पू बाहेर येतो व रोग ध्यानात येतो. ते मिटलेले असेल तर बाहेर काहीच दिसत नाही. ठमीचे तसेच झाले होते. हा प्रकार अधिक घातक, कारण गर्भाशय फुटण्याचे भय असते.

“गर्भाशय काढून टाकणे हाच खात्रीचा उपाय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “वय पाहता भूल देण्यात धोका आहे. पण न करण्यात त्याहून मोठा आहे.”

यजमान खर्चाचा हिशेब मनात करीत असावेत; मीही करीत होते. “या वयात तिचे हाल कशाला?” असेही ओठांवर आले. तोच ठमीने पडल्या पडल्या शेपटीचे टोक हलविले. यजमानांनी न बोलता संमतिपत्रावर सही केली. आधी काही तास सलाईन व जंतुनाशक औषधे देऊन तिला भूल सोसण्याजोगे केले आणि पहाटे शस्त्रक्रिया झाली. चौथ्या दिवशी ठमी घरी आली. सासूबाईंनी मऊ भात कालवला. तो तिने खाल्ला तेव्हा आमच्याही घशाखाली घास उतरला.

हे ध्यानात ठेवावे

माजानंतरच्या चार ते आठ आठवड्यांत तहान वाढणे, अन्न टाकणे, मरगळ किंवा वांत्या दिसल्या तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. कुत्र्याचे नेहमीचे तापमान आपल्याहून जास्त, म्हणजे सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. त्यामुळे नुसते अंग गरम लागले म्हणून ताप समजू नये, तसेच ताप नाही म्हणून निर्धास्तही राहू नये. माणसांच्या तापाच्या वा वेदनेच्या गोळ्या कुत्र्याला कदापि देऊ नयेत. त्यांपैकी काही त्याला विषासमान ठरतात. वांत्या होत असता बळेच अन्नपाणी भरवू नये. वेदनेने कासावीस झालेले प्रेमळ जनावरही चावू शकते, म्हणून तोंडाजवळ हात जपून न्यावा. निघण्यापूर्वी रुग्णालयास दूरध्वनी केल्यास तेथे तयारी होऊन राहते. अनेक राज्यांत १९६२ या क्रमांकावर, मुख्यतः पशुपालकांसाठी, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची सोय झाली आहे. आपल्या भागात तिची व्याप्ती किती, हे संकट येण्याआधीच विचारून ठेवणे बरे.

आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, पिल्ले नको असतील तर तरुणपणीच कुत्रीची संततिप्रतिबंधक शस्त्रक्रिया करून घ्यावी. मग या रोगाची धास्ती जवळजवळ उरतच नाही. आम्हांलाही हे पूर्वी सांगण्यात आले होते. “पुढच्या वर्षी पाहू” म्हणता म्हणता बारा वर्षे गेली.

ठमी आता अधिकच संथ चालते. परवा सासूबाईंनी तिच्या पाण्याच्या भांड्यावर आतून तांबडी रेघ ओढली. सकाळी तेथवर भरायचे आणि रात्री किती उरले ते पाहायचे. मी मुकाट्याने ते भांडे रोज रात्री पाहते.