जुन्या स्पोर्ट्स कारला मोठे अलॉय? आधी टायरवरचे आकडे वाचा

पनवेल : गोव्यात बनलेली दोन सीटची सॅन स्टॉर्म असो की दुसरी जुनी स्पोर्ट्स कार, मोठे अलॉय लावताना रिम वाढली तरी चाकाची एकूण उंची तीच राहिली पाहिजे.

समजा टायरवर 185/65 आर 14 लिहिलंय. म्हणजे रुंदी 185 मिमी, बाजूची उंची तिच्या 65 टक्के, रिम 14 इंच. 15 इंची रिमवर 195/55 टाकला तर उंची जवळपास तेवढीच भरते. 185/65 च ठेवला तर चाक 25 मिमीने वाढतं. मीटर 80 दाखवतो तेव्हा गाडी 83 ने पळते, टायर मडगार्डला घासू शकतो. बोल्टची भोकंही जुळली पाहिजेत.

टायर बुटका झाला की खड्ड्यात रिम वाकायची भीती वाढते. पळस्प्याहून गोवा हायवेने रोज जाणाऱ्यांनी मूळ मापच ठेवावं.