जुन्या बंदुकीचा दस्ता : हुनर आपला, पण परवाना कोणाचा?

पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपास लाकूडकाम आणि पॉलिश करणारे आपले अनेक कारागीर बंधू आहेत. समजा, त्यांच्यापैकी एखाद्याच्या दुकानात ओळखीचे गिऱ्हाईक येते. हातात चादरीत गुंडाळलेली लांबट वस्तू. उघडून पाहावे तर आजोबांच्या काळातली दोन नळ्यांची शिकारीची बंदूक! लाकूड काळे पडलेले, जागोजागी पोचे आलेले. गिऱ्हाईक म्हणते, "उस्ताद, लोखंडाला हात लावू नका. दस्ता तेवढा चमकवून द्या. चार दिवसांनी घेऊन जातो."

काम हातचे आहे, पैसाही बरा मिळणार आहे. पण हो म्हणण्यापूर्वी थांबायला हवे. 'चार दिवसांनी घेऊन जातो' या साध्या वाक्यात कारागिरासाठी सात वर्षांची कैद दडलेली असू शकते. हे काम कसे करावे आणि कोणाच्या छपराखाली करावे, या दोन्ही गोष्टी समजून घेतल्या तर यात अब्रूचा रोजगारही आहे.

जुने नाते

हत्यारांची निगा हा आपल्याकडे पिढीजात धंदा होता. 'शिकलगार' हे आडनाव आपल्या परिचयाचे आहे. मूळ शब्द 'सैकलगर', म्हणजे धातूला जिल्हई देणारा, हत्यारे घासूनपुसून लखलखीत ठेवणारा. इंग्रजांनी १८७८ साली हत्यारांचा कायदा आणला आणि हिंदी माणसाला हत्यार बाळगायला परवाना लागू लागला. साहेबांना मात्र त्यातून सूट होती. पुढे शिकलगारांच्या हाती तलवारीऐवजी कात्री, सुरी आणि कुलूप-किल्ली आली.

शिकारीच्या बंदुका मात्र जमीनदार, इनामदार आणि लष्करी पेशातल्या घरांत टिकून राहिल्या. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट, ग्रीनर अशा कंपन्यांच्या बारा बोअरच्या बंदुका आणि पुढे आपल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यातल्या बंदुका आजही काही घरांत आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम बसला आणि या बंदुका कपाटात गेल्या. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली. वारसाहक्काने आलेली बंदूकही या दोनमध्येच धरली जाते. म्हणून जी बंदूक घरात उरली, ती वडिलोपार्जित ठेव म्हणून लोक जपतात. तिचे लाकूड नीट करून घ्यावे, असे त्यांना वाटते ते यामुळेच.

कायदा काय म्हणतो?

१९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ५ स्पष्ट आहे. परवान्याशिवाय बंदुकीची दुरुस्ती करता येत नाही. इतकेच नव्हे, दुरुस्तीसाठी ती ताब्यात ठेवणे हासुद्धा गुन्हा आहे. 'मी फक्त लाकडाला हात लावला' ही सबब टिकेल या भरवशावर राहू नये, कारण कायद्यातील 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात. २०१९ पासून कलम ५ च्या भंगाला कमीत कमी सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे.

मालकाच्या लेखी परवानगीने दुसऱ्या माणसाला बंदूक दुरुस्तीसाठी नेता येते, अशी सवलत कलम ३ मध्ये आहे. पण ती सवलत ने-आण करण्यापुरती आहे. मालकाच्या चिठ्ठीने कोणी दुरुस्ती करणारा होत नाही.

काहीजण म्हणतात, "ही शंभर वर्षांची आहे, हिला कसला परवाना?" हाही गैरसमज आहे. कलम ४५ ची सूट जुनाट किंवा निकामी झालेल्या अशाच हत्याराला आहे, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणार नाही. नुसते वय पुरत नाही. आणि ते हत्यार कोणत्या वर्गात मोडते, हे कारागिराने आपल्या मनाने ठरवू नये. शिवाय शंभर वर्षांवरील वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते. अशी पुरावस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, हे व्यापारी बंधूंनी लक्षात ठेवावे.

मग मालकाने घरी काय करावे? ज्याच्याकडे चालू परवाना आहे, त्याने बंदूक रिकामी असल्याची खात्री करून ती कोरड्या कापडाने पुसावी, लाकडावर मेणाचा पातळ हात द्यावा आणि कोरड्या जागी ठेवावी. स्क्रू उघडणे, चीर सांधणे, जुने पॉलिश काढणे ही कामे परवानाधारक दुरुस्ती दुकानातच व्हावीत.

दस्त्याचे काम कसे चालते?

अशा दुकानात आधी तिथला मिस्त्री लोखंड आणि लाकूड वेगळे करतो. त्यानंतर आपल्या कारागिराचा हात लागतो. चांगल्या बंदुकीचा दस्ता बहुधा अक्रोडाचा असतो. हे लाकूड बळकट असून वजनाला फार जड नाही. धक्का सोसणारे हे लाकूड सहसा वेडेवाकडे होत नाही.

पहिले काम तेल काढण्याचे. वर्षानुवर्षे यंत्राला दिलेले तेल दस्त्याच्या तोंडाशी मुरते. तिथले लाकूड काळे आणि मऊ होते. त्यावर सरसही धरत नाही आणि अराल्डाइटही धरत नाही. चॉक पावडर थिनरमध्ये कालवून तिचा लेप द्यावा. तो वाळताना आतले तेल ओढून पिवळा-तपकिरी होतो. झटकून पुन्हा लेप द्यावा. तीन-चार वेळा तरी हे करावे लागते. जवळ शेगडी नको आणि विडीही नको.

पोचा आला असेल तर तासू नये. ओले कापड ठेवून वरून गरम इस्त्री टेकवावी. वाफेने दबलेले रेषे फुगून वर येतात. मात्र रेषे तुटलेले असतील, म्हणजे खोल ओरखडा असेल, तर वाफेचा उपयोग होत नाही.

काच पेपर जपून वापरावा. लाकूड जिथे लोखंडाला भिडते, तिथे ते धातूपेक्षा केसभर वर असते. ती कड घासली गेली की लाकूड खाली जाते आणि लोखंड उघडे पडते. ही चूक भरून निघत नाही, जाणकाराला ती लगेच दिसते आणि बंदुकीची किंमत पडते. मुठीवरच्या जाळीदार नक्षीला काच पेपर मुळीच लावू नये. जुन्या दात घासायच्या ब्रशने तिथला मळ काढावा. लाकडाच्या आतल्या बाजूला कधी कधी क्रमांक ठोकलेले असतात, तेही पुसू देऊ नयेत.

यानंतर तेल. फर्निचरवर चालणारे मेलामाइन किंवा पी.यू. इथे नको. काचेसारखा थर वर बसतो, लाकूड प्लॅस्टिकसारखे दिसते आणि थर उडाला की सगळाच खरवडावा लागतो. चपडा लाखेचे फ्रेंच पॉलिश देखणे असते, पण पाणी लागले की पांढरे डाग पडतात. जुन्या दस्त्यांना बहुतेक जवसाच्या तेलाचीच रीत. कच्चे तेल दिवसेंदिवस वाळत नाही, म्हणून रंगाच्या दुकानातले उकळलेले तेल घ्यावे. थोडेसे तेल तळहातावर घेऊन उष्णता येईपर्यंत चोळावे, जास्तीचे पुसून घ्यावे आणि पुढचा हात दुसऱ्या दिवशी द्यावा. आठ-दहा पातळ हात दिले की लाकडाच्या आतून तेज येते. एकदम जाड हात दिला तर तो चिकट राहतो आणि धूळ धरतो.

एक इशारा. जवसाच्या तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नये. हे तेल वाळताना उष्णता सोडते आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. लाकडाच्या बाजारात याचा अर्थ काय, हे सांगायला नको. चिंध्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

आणि लाकूड चमकले म्हणजे बंदूक सुधारली असे नाही. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून बनवलेल्या, अंगावर नागमोडी रेषा असलेल्या जुन्या नळ्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या आहेत. आजच्या काडतुसाने त्या फुटू शकतात. तसेच मुठीशी आरपार चीर असेल तर ती नुसती चिकटवून भागत नाही, कारण गोळी सुटताना बसणारा सारा धक्का तिथूनच जातो. 'चालवायला योग्य' हा शब्द पॉलिशवाल्याने तोंडातून काढूच नये. तो परवानाधारक मिस्त्रीचा अधिकार आहे.

रोजगाराची वाट

मग कारागिराने करावे काय? पहिली वाट म्हणजे शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानदाराकडे नोंद करून, त्याच्याच जागेत, त्याच्या देखरेखीखाली लाकडाचे काम करणे. बंदुकीचा एकही भाग आपल्या दुकानात किंवा घरी आणायचा नाही. अशा दुकानांत लोखंडाचा जाणकार असतो, पण लाकडाचा हात असेलच असे नाही. दुसरी वाट स्वतः परवाना मागण्याची. पुणे शहरात त्याची चौकशी पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत करावी. आधी दुकान थाटून मग परवाना, असा उलटा क्रम ठेवू नये.

काम सुरू करण्यापूर्वी 'आधी' आणि 'नंतर' असे फोटो काढावेत, काय करणार आणि काय करणार नाही ते कागदावर लिहावे. मोबदला ठरवताना दिवस मोजावेत. हाताचे काम थोडे दिसते, पण तेल वाळण्यात दोन-तीन आठवडे सहज जातात. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला हे आधीच सांगितले तर तंटा होत नाही.

हाच हात इतरत्रही चालतो. जुनी घड्याळे, ग्रामोफोनच्या पेट्या, हार्मोनियम, शिसवी खुर्च्या यांना तेल काढणे, पोचा उचलणे, पातळ हात देणे हेच हुनर लागते. त्याला कोणताही शस्त्र परवाना लागत नाही. नवशिक्या शागीर्दाने सुरुवात तिथूनच करावी.

आता पहिल्या प्रसंगाकडे वळू. गिऱ्हाईक दारात उभे आहे. त्याला हाकलून द्यायचे नाही आणि बंदूक ठेवूनही घ्यायची नाही. "ही आपली अमानत माझ्या दुकानात ठेवता येणार नाही. आपण परवाना घेऊन अमुक दुरुस्ती दुकानात चला, लाकडाचे काम मी तिथे येऊन करतो," असे सांगावे. गिऱ्हाईकही टिकते, कामही मिळते आणि रात्रीची झोपही शाबूत राहते.