हिराकस, बाजरी आणि पंडुरोग

चुनखडीच्या जमिनींत ऊस किंवा भुईमूग पिवळा पडूं लागला, कीं अनुभवी शेतकरी प्रथम पान निरखून पाहतो. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा आणि तोही कोंवळ्या पानांवर, असें दिसलें म्हणजे ही लोहाची उणीव, हें तो ओळखतो. आतां त्या जमिनींत लोह नसतें काय? पुष्कळ असतें. दख्खनच्या काळ्या जमिनी ज्या काळ्या पाषाणापासून झाल्या, त्यांतच लोहाचा अंश मोठा आहे. परंतु चुन्यामुळें तें लोह मुळांस शोषून घेतां येईल अशा स्वरूपांत राहत नाहीं. कोठार भरलेलें, पण दाराला कुलूप, अशी ही स्थिति होय. मग शेतकरी हिराकशीचा अर्ध्या टक्क्याचा द्राव करतो, त्यांत थोडें लिंबाचें आम्ल घालतो, आणि तो पानांवर फवारतो. कांहीं दिवसांनीं पिकास पुन्हां हिरवेपणा येतो.

ह्या उपायाचा इतिहास मनोरंजक आहे. युसेब ग्रिस नामक फ्रेंच गृहस्थानें इ. स. १८४० नंतरच्या वर्षांत पिवळ्या पडलेल्या झाडांस लोहाचे क्षार देऊन तीं हिरवीं करून दाखविलीं. ह्या पिवळेपणास शास्त्रज्ञ ‘क्लोरोसिस’ म्हणतात. आणि हेंच नांव यूरोपांतील डॉक्टर त्यापूर्वींपासून फिकट, दमलेल्या तरुण मुलींच्या रोगास देत असत. १८३२ सालीं ब्लो नांवाच्या फ्रेंच डॉक्टरानें अशा मुलींसाठीं ज्या गोळ्या प्रचारांत आणिल्या, त्या हिराकशीपासूनच केलेल्या होत्या. आपल्याकडील वैद्यही पंडुरोगावर लोहभस्म व मंडूर योजीत आले, हें वाचकांस विदित आहेच. आज सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रीस जी गोळी मिळते, तिच्यांतही बहुधा शुद्ध केलेली हिराकसच असते. (एवढ्यावरून कोणीं फवारणीच्या पिशवींतील हिराकस पोटांत घेऊं नये, ती त्या कामाची नव्हे, व घातक होईल.)

पिकाचा पिवळेपणा व माणसाचा फिकटपणा ह्यांतील साम्य केवळ नांवापुरतें नाहीं. तें कसें, हें समजण्यास शरीरांतील लोहाचा जमाखर्च पाहिला पाहिजे.

प्रौढ पुरुषाच्या अंगांत सारें मिळून तीनचार ग्रॅम लोह असतें, म्हणजे एका लहानशा खिळ्याएवढें. त्यांतील सुमारें दोनतृतीयांश रक्ताच्या तांबड्या द्रव्यांत, हिमोग्लोबिनमध्यें, गुंतलेलें असतें. फुप्फुसांतून प्राणवायु उचलून स्नायूंपर्यंत पोंचविणें हें त्याचें काम. तांबडी रक्तपेशी सुमारें १२० दिवस जगते. मग प्लीहा व यकृत तिला मोडून टाकतात, आणि तिच्यांतील लोह नव्या पेशींसाठीं हाडांच्या मगजाकडे परत पाठवितात. नव्या रक्तास रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतें. तें जवळजवळ सर्व ह्या जुन्या मालांतूनच मिळतें. कातडी व आंतडीं ह्यांच्या झिजेंत रोज एखादा मिलिग्रॅम जातो, आणि तेवढाच अन्नांतून भरून काढावा लागतो. इतका काटकसरीचा संसार दुसऱ्या कोठें पाहावयास मिळणार नाहीं!

ह्या संसाराची आणखी एक विशेष गोष्ट अशी, कीं जादा झालेलें लोह बाहेर टाकण्याची शरीरास सोयच नाहीं. मॅकॅन्स व विडोसन ह्या इंग्रज शास्त्रज्ञांनीं १९३७ च्या सुमारास हें दाखवून दिलें. सर्व नियंत्रण आंत घेण्याच्या दारावर, म्हणजे लहान आंतड्याच्या आरंभीं, चालतें. २००० सालच्या सुमारास शोध लागलेलें हेप्सिडिन नांवाचें द्रव्य यकृतांत तयार होतें, व तें ह्या दाराचें कुलूप होय. साठा भरला असतां तें दार लावतें. अंगांत दीर्घकाळचा ताप किंवा जंतुदोष असल्यासही लावतें. जुनाट दुखणाइताचें रक्त चांगल्या अन्नानेंही कां भरत नाहीं, ह्याचें कारण बरेचसें येथें सांपडतें.

जेथें नवी आवक इतकी थोडी, तेथें गळती लागली कीं दिवाळें लवकर निघतें. पहिली गळती निसर्गानेंच स्त्रीच्या वांट्यास दिली आहे. मासिक पाळींत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातें; मिलिलिटरास अर्धा मिलिग्रॅम धरिला, तर महिन्यास १५ ते २० मिलिग्रॅम लोह गेलें. एका गरोदरपणास एकंदर सुमारें एक ग्रॅम लोह लागतें, म्हणजे धडधाकट पुरुषाच्या सगळ्या ठेवीचा चौथा हिस्सा. तो भरून येण्यापूर्वींच दुसरें मूल राहिलें तर हिशोब कसा जुळावा? त्यांत आमच्या घरांची रीत अशी, कीं पुरुष जेवले, मुलें जेवलीं, मग सासू, आणि सर्वांच्या मागून सून. तिच्या पानांत भाकरी असते, पण उसळ व भाजी तळाशीं लागलेली. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ पंडुरोगी आढळल्या. पुरुषांत हें प्रमाण शेंकडा २२ होतें. एकाच चुलीवरचें अन्न खाणाऱ्यांत हा फरक आहे, हें ध्यानांत घ्यावें.

दुसरी गळती शेतांतली. अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या, विष्ठेनें दूषित झालेल्या मातींत वाढतात, व अनवाणी पायाची कातडी भेदून शरीरांत शिरतात. लूस नांवाच्या शास्त्रज्ञानें १८९८ सालीं ईजिप्तमध्यें हा मार्ग शोधून काढिला. एका जातीचा एक कृमि रोज ०.०३ मिलिलिटर रक्त पितो, दुसऱ्या जातीचा त्याच्या पांचसहा पट. पहिल्या जातीचे शंभर कृमि धरिले तरी रोज तीन मिलिलिटर रक्त, म्हणजे दीड मिलिग्रॅम लोह गेलें; माणूस अन्नांतून मिळवितो तेवढें किंबहुना जास्तच. संडासाचा वापर व पायांत वहाणा हा ह्यावरचा उपाय. जंताच्या गोळीनें आज असलेले कृमि पडतात, उद्यां शिरणारे थांबत नाहींत.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. शेळ्यामेंढ्यांच्या पोटांत रक्त पिणारा असाच एक कृमि होतो. जाणता मेंढपाळ जनावराची खालची पापणी ओढून आंतला रंग पाहतो, आणि तो पांढरट दिसला कीं त्याच दिवशीं औषध पाजतो. आम्हीं स्वतः कित्येक वर्षें शेळ्यांच्या पापण्या अशा पाहिल्या. पण घरांतील माणूस पाणी भरतांना मध्येंच बसतें, जिना चढतांना धापा टाकतें, माती खावीशी वाटते म्हणतें, त्याची पापणी पाहण्याचें आम्हांस सुचलें नाहीं. नुसत्या पापणीवरून निश्चित निदान होत नाहीं हें खरें. परंतु तपासणीस नेण्याइतका संशय तिनें खास येतो.

आतां अन्नाकडे वळूं. बाजरीच्या १०० ग्रॅममध्यें सहासात मिलिग्रॅम लोह असतें, आणि कष्टकरी माणूस दिवसाला त्याहून पुष्कळ अधिक बाजरी खातो. मग उणीव कां? जमिनींत जें काम चुना करतो, तेंच येथें धान्याच्या कोंड्यांतील फायटिक आम्ल करतें. तें लोहास बांधून ठेवितें, आणि शेंकडा पांच ते दहा भागच रक्तांत उतरतो. जेवणाबरोबर चहा घेतल्यास तोही निम्म्याहून खालीं येतो. उलट, फवाऱ्यांत जसें लिंबाचें आम्ल, तसें पानांत लिंबू, आवळा किंवा पेरूची फोड असली तर लोह सुटें राहून अधिक शोषिलें जातें. मटकीस मोड आणणें, पीठ आंबवून आंबील करणें ह्या जुन्या कृतींनींही फायटिक आम्ल कमी होतें. मांस, मासळी व काळीज ह्यांतील लोहाचा कांहीं भाग मुळांतच सुलभ असतो. लोखंडी कढईंत आंबट पदार्थ शिजविला तर थोडें लोह त्यांत उतरतें. ॲल्युमिनियमच्या भांड्यांनीं ही फुकटची मिळकत घालविली. गुळाची कीर्ति मात्र वाजवीपेक्षां मोठी आहे. चिमूटभर गुळानें पंडुरोग हटत नाहीं.

शेतकऱ्यास ह्यांत बियाण्याच्या मार्गानेंही कांहीं करतां येतें. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें ‘इक्रिसॅट’ ह्या संस्थेच्या सहकार्यानें तयार केलेली ‘धनशक्ति’ ही बाजरी २०१२ सालीं महाराष्ट्रांत व २०१४ सालीं देशभर प्रसृत झाली. तिच्या किलोंत सुमारें ७१ मिलिग्रॅम लोह असतें. महाराष्ट्रांतील ग्रामीण शाळांत १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींस अधिक लोहाच्या बाजरीची भाकरी सहा महिने दिवसांतून दोनदां देऊन पाहिली, तेव्हां साध्या बाजरीपेक्षां त्यांच्या शरीरांतील लोहाचा साठा वाढल्याचें दिसलें. हा संकर वाण नसल्यामुळें बीं काळजीपूर्वक घरीं राखतां येतें, हा लहान शेतकऱ्यास आणखी एक लाभ.

प्रत्येक पंडुरोग लोहाचाच असतो असें मात्र समजूं नये. ल्यूसी विल्स ह्या इंग्रज डॉक्टरीण बाईंनीं १९२८ पासून मुंबईच्या गिरणीकामगार गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्या स्त्रियांचा एक प्रकारचा पंडुरोग किण्वाच्या स्वस्त अर्कानें बरा होतो, हें त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांतील गुणकारी द्रव्य तें फोलिक आम्ल. म्हणूनच सरकारी गोळींत लोहाबरोबर तेंही घालतात. विदर्भ व नंदुरबारकडे सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष आढळतो. तेथें रक्त तपासल्याशिवाय लोह घेत राहणें योग्य नव्हे.

गोळीविषयीं शेवटीं दोन शब्द. गरोदर स्त्रीस ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी १८० दिवस रोज देण्याची सरकारी योजना आहे. पुष्कळ घरांत ती दहाबारा दिवसांनीं फडताळांत जाते, कारण शौचास काळें होतें व पोटांत मळमळतें. काळें होणें निरुपद्रवी आहे. मळमळत असल्यास गोळी रात्रीं निजतांना घ्यावी. चहा व दूध ह्यांबरोबर घेऊं नये. पंडुरोगाच्या उपचारांत रक्त भरून आल्यावरही ती आणखी कांहीं महिने चालू ठेवावी लागते, कारण रिकामें कोठार रक्ताच्या मागून भरतें. गोळ्यांचें पाकीट लहान मुलांच्या हातीं लागूं देऊं नये; एकदम अनेक गोळ्या गिळल्यास मूल दगावतें. रक्ताची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रांत बोटाच्या एका थेंबावर होते. सामान्य स्त्रीस १२, गरोदर स्त्रीस ११ व पुरुषास १३ ग्रॅमपेक्षां कमी हिमोग्लोबिन म्हणजे पंडुरोग. बाजाराच्या दिवशीं गाडी तिकडे जाणारच असते. त्या दिवशीं सुनेस व मुलीसही बरोबर न्यावें.