लग्नखर्चाचा अग्रक्रम कसा लावावा?

परवा आमच्या निर्मळ गावातील एका शेजाऱ्यांनी मुलीच्या लग्नाचे अंदाजपत्रक मजपुढे ठेवले, तेव्हा त्यात रोषणाईची बाब सर्वांत वर असून विवाहनोंदणीचा उल्लेखही नव्हता. हिशेबाची हौस असल्याने चार गोष्टी नमूद करतो.

प्रथम अनिवार्य बाबी. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यान्वये, जेथे सप्तपदीचा विधी आहे, तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करावयाचे, तर ३० दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात. आपल्याकडील ख्रिस्ती कुटुंबांत हेच स्थान चर्चमधील विधीचे. यांपैकी कशासही मोठी रक्कम लागत नाही.

दुसरी बाब पाहुण्यांच्या यादीची. जेवण, जागा, पत्रिका हे सारे माणशी वाढत असल्यामुळे, प्रत्येक ठेकेदाराशी घासाघीस करण्यापेक्षा यादीला कात्री लावणे अधिक फलदायी. माणशी ४०० रुपये धरल्यास ३०० पानांचे १,२०,००० होतात. ५० नावे वगळताच २०,००० वाचतात.

तिसरी, दागिन्यांची. वधूस दिलेले दागिने हे तिचे स्त्रीधन, म्हणून ते सजावटीच्या रकान्यात मांडू नयेत. हुंडा मात्र १९६१ पासून कायद्याने निषिद्ध आहे.

शेवटी सजावट, वाजंत्री, आतषबाजी: शिल्लक उरली तर, कर्ज काढून नव्हे. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ सालीच पुरोहिताविना, अल्प खर्चात विवाह लावून दाखविला होता.

कोणास आपले अंदाजपत्रक तपासावयाचे असल्यास खाली अवश्य विचारावे.