मनोऱ्याविना उघडलेलं चर्च

कुलाब्याचं अफगाण चर्च कशासाठी बांधलं, ते मुंबईचा कुठलाही गाइड सांगेल: पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत पडलेल्यांची आठवण. मला मात्र ते उभं राहताना जी ओढाताण झाली, तिचे किस्से जास्त आवडतात.

कल्पना कुलाब्याचे लष्करी पाद्री जॉर्ज पिगट यांची. चर्च हवं होतं अस्सल इंग्लिश वळणाचं, मायदेशीच्या जुन्या गावात शोभावं असं. आधीचा आराखडा देखणा होता, पण खर्च ऐकूनच समितीने हात आखडला. मग काम आलं हेन्री कॉनीबेअर यांच्याकडे. हेच गृहस्थ विहार तलावाच्या पाणीयोजनेचे शिल्पकार! मुंबईच्या घशाची कोरड घालवणाऱ्या इंजिनिअरने त्या टोकदार कमानी उभ्या केल्या.

जागा मिळाली तीही अटीवर. मनोरा इतका उंच हवा, की बंदरात शिरणाऱ्या जहाजांना तो खूण म्हणून दिसावा. 4 डिसेंबर 1847 रोजी पायाभरणी झाली, 7 जानेवारी 1858 रोजी बिशपच्या हस्ते समर्पणही झालं, आणि मनोऱ्याचं शिखर? ते अजून व्हायचंच होतं. पैसेच संपले होते. अखेर 1865 मध्ये सुमारे 60 मीटरचं ते काम तडीला गेलं, आणि त्यासाठी 7500 रुपये दिले कावसजी जहांगीर रेडिमनी यांनी. इंग्रजांच्या चर्चचं शिखर एका पारशी शेटजींच्या मदतीने पुरं झालं, याचा मला फार अभिमान वाटतो.

आतली सजावट विल्यम बटरफिल्ड यांची. वेदी, जाळीचा पडदा, बाकं, पायाखालच्या नक्षीदार फरशा, सगळ्यांवर त्यांचा हात फिरलेला. खिडक्यांच्या रंगीत काचा विल्यम वेल्स यांच्या. घंटा मात्र रुसल्यासारख्या उशिरा आल्या. लफबरोच्या टेलर कारखान्यात ओतलेल्या त्या आठ घंटा 1904 सालच्या. तोवर समर्पणाला 46 वर्षं उलटून गेली होती.

पण या वास्तूतली खरी बोचरी जागा आहे वेदीजवळचा स्मृतिलेख. तिथे अधिकाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. शिपायांबद्दल एवढंच लिहिलंय, की ते इतके होते की सगळ्यांची नावं देणं शक्य नव्हतं. कुणी तलवारीने गेले, कुणी आजाराने. मुंबईच्या फौजेत कोकणातली, देशावरची माणसं होती. ज्यांच्यासाठी एवढा दगड घडवला, त्यांतल्या बहुतेकांना त्यावर एक ओळ मिळाली नाही. हे मला अन्यायाचंच वाटतं.

मुंबईला आलात, तर गेटवे पाहून परत फिरू नका. तसंच पुढे नेव्ही नगरच्या रस्त्याला लागा. चर्च उघडं असेल तर काचांकडे वळण्याआधी तो लेख सावकाश वाचा.