खणांची घरे : इतवारीची आणि डेन्मार्कची

इतवारीत एखादा जुना वाडा पडायला निघाला की आमच्या घरी आनंद होतो. वडील जुन्या लाकडाचा व्यापार करतात. मी महाविद्यालयात आलो तो मोडलेल्या वाड्यांच्या पैशावर. ग्रंथालयात डेन्मार्कच्या वास्तुकलेचे चित्रमय पुस्तक हाती आले, तेव्हा तेथील घरे मला एकदम ओळखीची वाटली.

त्या देशात बांधकामाचा चांगला दगड थोडा. बाराव्या शतकात विटा भाजण्याची कला तेथे पोचली व रॉस्किल्डचे भव्य कॅथेड्रल विटांत उभे राहिले. शहरातील सामान्य माणसाने मात्र ओक लाकडाचा सांगाडा उभारून मधले गाळे मातीने वा विटांनी भरले. आपल्या वाड्याचेही तेच. दगडी उथळ्यावर सागवानी खांब, खांबावर तुळई; एकाच्या टोकाचे कुसू दुसऱ्याच्या भोकात. भार सारा लाकडावर, भिंत नुसती आडोशाला. वडील म्हणतात, "भिंत पडली तरी घर उभं राह्यते. खांब हालला का सारं गेलं." दोन खांबांमधल्या जागेला आपण खण म्हणतो व घर खणांनी मोजतो. डेन लोकही घर 'फाग'वर मोजत, अर्थ तोच! (होळीच्या फागाशी त्याचा संबंध नाही.)

लाकडाचा वैरी अग्नी. कोपनहेगन १७२८ आणि १७९५ साली होरपळले. आपल्या महालातील भोसल्यांचा कोरीव लाकूडकामाचा राजवाडा १८६४ साली जळाला.

पण असे घर उकलता येते, हा त्याचा मोठा गुण. ऑर्हूस शहरातील १५९७ सालचे, 'महापौराचे घर' म्हणून ओळखले जाणारे घर १९०८ साली पाडले जाणार होते. पीटर होल्म या गृहस्थांनी खटपट करून ते वाचवले. १९०९ च्या राष्ट्रीय प्रदर्शनात ते पुन्हा उभे राहिले आणि १९१४ साली त्याच घरापासून जुन्या घरांचे खुले संग्रहालय सुरू झाले.

वाडा आम्हीही उकलतोच. खुंट्या ठोकून काढतो, तुळया उतरवतो. मग खांब हॉटेलच्या सजावटीला, दरवाजा कुणाच्या फार्महाऊसवर, उरलेले सरपणाला. गेल्या दिवाळीनंतर उतरवलेला नऊ खणांचा वाडा आज कोठे कोठे आहे, हे वडिलांनाही सांगता येणार नाही. त्यातूनच माझी फी भरली गेली, तेव्हा मी कोणत्या तोंडाने बोलावे? आणि वारसांना तरी काय म्हणावे? गळके छप्पर एक, वाटेकरी दहा.

हल्ली मी लाकूड उतरण्यापूर्वी प्रत्येक खांबावर खडूने आकडा घालतो व वहीत खणांचा नकाशा काढतो. मजूर खोळंबतात, वडील चिडतात. परवा मात्र त्यांनीच विचारले, "वही आणली का बे?"