वाळूच्या दगडात मुरवलेला वायू (लेखांक 6)

उत्तर समुद्रातील नॉर्वेच्या स्लायप्नर क्षेत्रातून निघणाऱ्या नैसर्गिक वायूत सुमारे 9 टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. विक्रीच्या वायूत तो अडीच टक्क्यांहून अधिक चालत नाही. म्हणून समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवरच अमाइनच्या द्रावणाने तो वेगळा काढतात. पूर्वी असा वायू हवेत सोडून देत. 1991 मध्ये नॉर्वेने अशा उत्सर्जनावर कर बसवला आणि हवेत सोडणे महाग पडू लागले. 1996 पासून तो समुद्रतळाखालच्या उत्सिरा या वालुकाश्मात सोडला जातो, सुरुवातीला वर्षाला साधारण 10 लाख टनांपर्यंत. त्यामागे पर्यावरणाची काळजी किती आणि कराचा हिशेब किती, हे सांगायला तितक्या खोलात जावे लागत नाही.

साठवण म्हटले की भुयार किंवा पोकळी डोळ्यांसमोर येते. उत्सिरात तसे काही नाही. हा दगड इतका कच्चा आहे की त्याला घट्ट बसलेली वाळू म्हणणेच बरे. त्याच्या आकारमानाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग कणांमधल्या बारीक छिद्रांचा आहे, आणि ती खाऱ्या पाण्याने भरलेली आहेत. हे पाणी बाजूला सारत वायू शिरतो. पाणलोटाच्या कामात पाणी मुरवतात तसाच हा प्रकार, पण पाणी खाली जाते आणि हा वायू पाण्याहून हलका असल्याने वर येऊ पाहतो. त्याला अडवायला वर शेकडो मीटर जाडीचा शेल, म्हणजे चिखलापासून बनलेला घट्ट खडक, आहे.

खोलीचेही कारण आहे. 31 अंश सेल्सिअस आणि 74 बार दाब यांच्या वर कार्बन डायऑक्साइड ना धड वायू राहतो ना द्रव. तो द्रवासारखा दाट होतो, पण वायूसारखा सहज वाहतो. साधारण 800 मीटरांखाली ही स्थिती टिकते आणि त्याचे आकारमान शेकडो पटींनी घटते. स्लायप्नरला तो समुद्रसपाटीखाली सुमारे 1,000 मीटरवर सोडला जातो.

शेलचे झाकण हा पहिला अडसर. वर सरकताना वायूचा काही भाग छिद्रांमध्ये सुट्या थेंबांसारखा अडकून राहतो. काही खाऱ्या पाण्यात विरघळतो; ते पाणी किंचित जड होऊन खाली बसते. खनिज बनून दगडात कायमचे बांधले जाणे वालुकाश्मात फार सावकाश, हजारो वर्षांत घडते. त्या बाबतीत बेसाल्ट, म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळ ज्या जातीचा आहे तो खडक, कितीतरी वेगवान.

आत काय चालले आहे हे भूकंपीय लहरींच्या प्रतिध्वनींवरून कळते. 1994 च्या, म्हणजे वायू सोडण्याआधीच्या, चित्राशी 1999 पासूनची चित्रे ताडून पाहिली गेली. वायू एका ढिगात नव्हता. पातळ शेलपट्ट्यांखाली त्याचे नऊ थर पसरले होते. या पट्ट्या ठाऊक होत्या, पण वायू त्या ओलांडून तीन वर्षांच्या आतच उत्सिराच्या माथ्याला पोहोचला होता. वरचे झाकण मात्र शाबूत होते.

बॅरेंट्स समुद्रातल्या स्नोव्हिट प्रकल्पाने उलटी अडचण दाखवली. 2008 मध्ये तिथे तुबोएन थरात वायू सोडणे सुरू झाले, पण तो अपेक्षेप्रमाणे पसरेना. दाब भराभर चढला, आणि 2011 मध्ये विहिरीतला मार्ग बदलून वायू वरच्या स्टो थराकडे वळवावा लागला. दगडात जागा असणे वेगळे आणि ती जागा एकमेकींना जोडलेली असणे वेगळे.

या दोन्ही ठिकाणी वायू स्वतःच्याच विहिरींतला होता. 2025 मध्ये सुरू झालेल्या नॉर्दर्न लाइट्स प्रकल्पात तो बाहेरून येतो: ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यात पकडून, द्रव करून, जहाजाने किनाऱ्यावर आणि तिथून सुमारे 100 किलोमीटर नळाने समुद्रतळाखाली 2,600 मीटरवर. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला 15 लाख टन आहे. जगाचे वार्षिक उत्सर्जन 3,500 कोटी टनांच्या वर आहे.

साठवण बंद झाल्यावरची जबाबदारी युरोपीय संघाच्या 2009 च्या निर्देशाने ठरवली आहे. साधारणपणे निदान 20 वर्षे कंपनीने देखरेख ठेवायची आणि वायू कायमचा बंदिस्त राहील अशी खात्री पटली, तर त्यापुढे ती सरकारकडे जाते.